उपासाची पुडी

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या सातारा-सांगलीकडे सासूला आत्या म्हणायची रीत आहे, रक्ताचं नातं असो वा नसो. त्यांचा सगळा जन्म विट्याजवळच्या एका खेड्यात शेतात गेला. सासरे गेल्यावर ह्यांनी त्यांना साताऱ्याला आणलं, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, आणि त्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकाला परीक्षक मिळाला. मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. दिवसभर पोरांच्या चुका काढायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या काढून घ्यायच्या, असा तो न्याय होता. भाकरी काठाला कच्ची, कांदा जाड चिरलाय, कपडे नीट पिळले नाहीत, दूधवाल्याला दारात ताटकळत ठेवलं. या सगळ्यांत वरचा मान मिठाला. घास जिभेला टेकला न टेकला की निकाल लागायचा, "अळणी हाय," नाहीतर "खारट हाय." मधलं काही त्यांच्याकडे नव्हतं. मीही काही कमी नाही, एका शब्दाला दोन देत आले. आमचे हे मात्र या भांडणात कधी पडले नाहीत. ते एमआयडीसीतल्या कारखान्यात आहेत, यंत्रांच्या आवाजात गप्प बसायची त्यांना सवय आहे.

तर एका संध्याकाळी मी आमटीत मीठ घालायलाच विसरले. पहिला घास घेतला तेव्हा माझ्याच ते लक्षात आलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी आत्यांकडे पाहिलं. आता तोफ सुटणार म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. आत्यांनी भाकरी कुस्करली, आमटीत कालवली आणि सावकाश खाल्ली. वाटी पुसून घेतली. तांब्याभर पाणी प्यायल्या आणि हात धुवायला उठल्या. दुसऱ्या एखादीनं पेढे वाटले असते. मी मात्र जेवण टाकून त्यांच्या मागं उठून गेले. या बाईला काहीतरी झालंय, हे मला त्या रात्री कळलं, आणि काय झालंय ते कळायला पुढं बरेच दिवस जायचे होते.

याची सुरुवात आदल्या वर्षीची. साताऱ्याला आल्यापासून आत्यांची हाडं दुखायला लागली होती. मांड्या दुखायच्या, पाठ धरायची, जिना उतरताना "आई गं" निघायचं. हाडांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं की यांच्या अंगात ड जीवनसत्त्व अगदी तळाला गेलंय. मला हसावं की रडावं कळेना. वर्गात मी दरवर्षी शिकवते, कोवळ्या उन्हात बसलं की त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होतं. एका मार्काचा प्रश्न. आणि जिनं भांगलणीत, काढणीत, खळ्यावर पाठ भाजून घेतली, तिच्याच अंगात ते नाही. डॉक्टर म्हणाले, आता त्या उन्हात असतात कुठं? खरं होतं. आमच्या फ्लॅटची बाल्कनी उत्तरेला. शिवाय वय झालं की कातडीही पहिल्यासारखी काम करत नाही.

त्यांनी पुडी लिहून दिली. बोटभर लांबीची, आत साखरेसारखे दाणे, फोडली की संत्र्याच्या गोळीचा वास. साठ हजार युनिट असं तिच्यावर छापलेलं. दोन महिने घ्यायची, मग परत दाखवायला यायचं. आत्यांनी विचारलं, "रोज घ्यायची?" डॉक्टर म्हणाले, "नाही नाही, आठवड्यातून एकदाच." आत्या म्हणाल्या, "मग माज्या ध्यानात कशी राहायची?" डॉक्टर समजूतदार माणूस. त्यांनी विचारलं, "आजी, उपास करता का?" "करते की." "मग झालं तर. उपासाच्या वारी दुधातनं घ्यायची. म्हणजे विसरायला नको."

आम्ही सगळे हसलो. मला ते फारच आवडलं. शिकवताना मीही असंच करते, नवी गोष्ट जुन्या खुंटीला अडकवून देते. आजही त्या वाक्यात मला चूक सापडत नाही. डॉक्टरांच्या घरी बहुधा एकच उपास असावा.

आमच्याकडे "वार धरणे" म्हणतात. एखाद्या देवाचा वार धरायचा, दिवसभर उपास करायचा आणि दिवेलागणीला जेवून सोडायचा. आत्यांचा सोमवार महादेवाचा होता. मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मधे एकादशी, संकष्टी येऊन जायची. रविवार तेवढा मोकळा, कारण रविवारी आमच्याकडे मटण असतं आणि त्या बाबतीत आत्यांचं देवाशी आधीच ठरलेलं होतं. हे सगळं मला ठाऊक होतं. डॉक्टरांचं वाक्यही मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. पण ही दोन माहितीची टोकं माझ्या डोक्यात कधी एकमेकांना भेटली नाहीत. आत्यांची पूजा व्हायची ती मी शाळेत गेल्यावर, घर निवांत झाल्यावर. पुड्यांचा खोका देवाच्या फळीवर, कापूर-वातींच्या शेजारी. पूजा झाली की दूध कोमट करायचं, पुडी फोडून त्यात टाकायची आणि ते तीर्थासारखं उजव्या हातावर थोडं घेऊन मग पेला तोंडाला लावायचा. हे मला नंतर त्यांनीच करून दाखवलं.

पुड्या संपल्या कशा नाहीत, असं कुणीही विचारील. माझे धाकटे दीर तिकडं दक्षिणेत एका शहरात गलाईचं दुकान चालवतात, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं. विट्याकडची निम्मी माणसं याच धंद्यात देशभर पांगलेली आहेत. आत्या त्यांना फोनवर सांगायच्या, "बाळा, ती उपासाची पुडी सरत आलीया." आई स्वतःच्या तोंडानं औषध मागतेय याचंच त्यांना कौतुक. ते खोका भरून पाठवायचे. औषधाच्या खोक्यांचं आमच्या घरात कुणाला नवल नव्हतं, आणि व्हिटॅमिन म्हटल्यावर कोण कशाला घाबरतो. टॉनिकच ते. थोडं जास्त गेलं तर बळच येईल, असं आपल्याला वाटतं.

सुरुवातीला बळ आलंही. महिन्या-दोन महिन्यांत आत्यांची पाठ सरळ झाली. जिना उतरून खालच्या बाकावर जाऊन बसायला लागल्या. "पुडीचा गुण लय चांगला," म्हणून त्यांनी बाकावरच्या दोघीतिघींना सांगितलं. गुण आल्यावर परत डॉक्टरांकडे कशाला जायचं? गेलो नाही.

त्याच सुमाराला माझ्या मानेला एक गाठ आली होती. सुई घालून तपासायला दिली, चार दिवस जीव टांगणीला लागला, पण निघालं काही नाही. घरात मी त्याचा फारसा बोभाटा केला नव्हता. आठवतंय ते एवढंच की त्यानंतर कधीतरी आत्यांनी बुधवारही धरला. मी चेष्टेनं विचारलं, "बुधवारी कुठला देव असतो हो आत्या?" त्या म्हणाल्या, "हाय एक." मी म्हटलं, आता रविवारचं मटण तेवढं जपा.

मग हळूहळू काहीतरी बिनसायला लागलं. तहान लागायची. तांब्यावर तांब्या रिकामा व्हायचा आणि रात्री उठून उठून न्हाणीत जावं लागायचं. पोट साफ होईना, अन्न नको वाटायला लागलं, तोंडाला चव नाही, मळमळ. पाय गळून गेल्यासारखे. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी वयाचं कारण सांगितलं, पोटाची गोळी दिली. आत्यांचा मात्र स्वतःचा इलाज ठरलेला होता. दुखण्याला उतार पडावा म्हणून त्यांनी शुक्रवारही धरला. म्हणजे आणखी एक पुडी. दुखणं वाढलं की उपास वाढायचा, उपास वाढला की पुडी वाढायची, आणि पुडी वाढली की दुखणं. डोळ्यांसमोर चाक फिरत होतं आणि आम्हाला ते दिसत नव्हतं, कारण भक्तीकडे आपण औषध म्हणून बघत नाही.

अळणी आमटीच्या त्या संध्याकाळनंतर घसरण वेगानं सुरू झाली. ह्यांना त्या एकाच दुपारी तीनतीनदा म्हणायच्या, "कवा आलास रं?" मला त्यांच्या कधीच वारलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारायला लागल्या. एकदा गॅसवर रिकामी कढई ठेवून तिच्यासमोर उभ्या होत्या. मी विचारलं, काय करताय, तर माझ्याकडे अशा बघत राहिल्या की जणू मलाच उत्तर द्यायचं होतं. विसरण्याचा आजार आहे, असं आम्ही दोघांनी न बोलता ठरवून टाकलं. ह्यांच्या मोठ्या मामीचं तसंच झालं होतं, शेवटी तिला स्वतःची लेक ओळखू येत नव्हती. मला फार भीती वाटली. माणूस डोळ्यांदेखत बसलेलं असावं आणि आतून कुणीतरी एकेक दिवा मालवत जावं, तसं ते होतं. माझ्याशी भांडणारं आता घरात कुणी उरलं नव्हतं. स्वयंपाक करताना मला पाठीमागं रिकामं वाटायचं.

एका सकाळी त्या अंथरुणातून उठल्याच नाहीत. हाक मारली की डोळे उघडायच्या आणि परत मिटायच्या. आमच्या माणसांत मोठं दुखणं म्हणजे मिरज. सातारा काय नि विटा काय, जीव घाबरला की गाडी मिरजेकडे वळते. ह्यांनी गाडी काढली, मी मागं आत्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. वाटेत त्यांनी एकदाच तोंड उघडलं, पाणी मागायला.

मिरजेच्या डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. रक्ताचे रिपोर्ट आले तसं त्या म्हणाल्या, यांच्या रक्तातलं कॅल्शियम फार वाढलंय, मेंदूवरची झापड त्यानंच आहे, मूत्रपिंडंही दमलीत. वाढलंय कशानं ते शोधायचं. गळ्यातल्या एका ग्रंथीनं वाढतं. कॅन्सरनंही वाढतं. तो शब्द ऐकल्यावर हे बाकावर बसले. बाईंनी विचारलं, औषधं काय काय चालू आहेत? मी सांगितलं, बीपीची गोळी, कॅल्शियमची गोळी. ड जीवनसत्त्व? मी म्हटलं, "हो, पण ते आठवड्यातून एकदाच." त्या म्हणाल्या, "तेवढ्यानं होत नाही." त्यांनी त्याचीही तपासणी लिहून दिली, पण तिचा रिपोर्ट लगेच यायचा नव्हता. तोवर सलाईन लावलं आणि बाकीचा शोध सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी मी चहा आणायला बाहेर पडले आणि सतार-तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत शिरले. छताला मोठमोठे वाळके भोपळे टांगलेले. एक म्हातारा कारागीर तंबोऱ्याची तार छेडत होता आणि तारेखालचा सुताचा बारीक दोरा बोटानं सरकवत होता. केसभर इकडं सरकला की आवाज मुका, केसभर तिकडं की तार नुसती करकरायची. मग एका जागी तो दोरा थांबला आणि सगळी गल्ली भरून गेली. मी चहाचा थर्मास घेऊन तशीच उभी राहिले. रक्तातल्या चुन्यालाही, म्हणजे कॅल्शियमलाही, अशीच एक जागा असते, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. ते ऐकू आलं तिथं.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई राउंडला आल्या. माणूस किती भानावर आहे हे बघायला त्या ठरलेले प्रश्न विचारायच्या. आत्यांचे डोळे अर्धे उघडे होते.

"आजी, कुठं आहात तुम्ही?"

"रानात."

"हे कोण?" त्यांनी ह्यांच्याकडे बोट दाखवलं. आत्यांनी पोटच्या पोराकडे पाहिलं आणि मान वळवली. ह्यांनी खिडकीकडे तोंड केलं.

"आज वार कोणता?"

"बेस्तरवार," आत्या म्हणाल्या.

गुरुवारच होता. गावाकडं गुरुवारला बेस्तरवार म्हणतात. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्या पुढं निघाल्या, तेवढ्यात आत्यांनी हात उचलून माझा पदर धरला. "पुडी दे की गं. वार मोडंल."

मी म्हटलं, "कसली पुडी, आत्या?"

"उपासाची. मंगळवारचीबी न्हाई दिलीस. कालची बुधवारचीबी न्हाई."

डॉक्टरांचं ते वाक्य आणि आत्यांचे वार, इतक्या महिन्यांनी ही दोन टोकं एकमेकांना भेटली. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. मी बाईंना सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे आठवड्याची पुडी या जवळजवळ रोज घेत होत्या. किती महिने?" मला नीट सांगताही येईना. फार महिने.

मला अजून त्या क्षणाचं नवल वाटतं. त्या बाईच्या डोक्यातून स्वतःचा मुलगा गेला होता, घर गेलं होतं, मिरज कधी आलीच नव्हती. पण वार गेले नव्हते. सगळे दिवे मालवल्यावरही आत कुठंतरी आठवडा मोजला जात होता. ज्या वारांनी त्यांना इथवर आणलं होतं, त्याच वारांनी त्यांचा जीव वाचवला.

संध्याकाळी ड जीवनसत्त्वाचा रिपोर्ट आला. आकडा नव्हताच. मशीनला जेवढं मोजता येतं त्याच्या वर, एवढंच लिहिलेलं. कॅन्सरची भीती गेली. डॉक्टरीणबाई त्या दिवशी पहिल्यांदा खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. मी विज्ञानाची शिक्षिका आहे म्हटल्यावर त्यांनी खुलासेवार सांगितलं, आणि मी वहीशिवाय बसलेल्या पोरीसारखी ऐकत राहिले.

त्या म्हणाल्या, उन्हात माणूस कितीही राबला तरी ड जीवनसत्त्व जास्त होत नाही. पुरेसं झालं की वरचं जे तयार होतं ते ऊनच मोडून टाकतं. देणारंही तेच आणि आवरणारंही तेच. पण तोंडानं घेतलं की ते आवरणारं कुणी नाही. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून लघवीवाटे निघून जात नाही. चरबीत जाऊन बसतं आणि महिनोन्‌महिने तिथून झिरपत राहतं. दूध, शेंगदाणे, साय असं काही सोबत असलं की आणखी चांगलं मुरतं. मला आत्यांचं उपासाचं खाणं आठवलं, साबुदाण्याच्या खिचडीतला दाण्याचा कूट, वर दुधाचा पेला. अंगात ते जास्त झालं की आतडी अन्नातलं कॅल्शियम ओढून घेतात, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर हाडांतलाही चुना रक्तात उतरतो. ज्या हाडांसाठी पुडी घ्यायची, तीच हाडं.

"म्हणजे पुडी वाईटच," मी म्हटलं.

"अजिबात नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना ती लागत होती. ठरल्याप्रमाणं दोन महिने घेऊन थांबल्या असत्या आणि रक्त परत तपासलं असतं, तर आज जिने चढत असत्या. किती घ्यायची, कधी थांबायचं आणि कधी तपासायचं, हे ज्यानं लिहून दिलं त्यालाच विचारायचं. आपल्या मनानं वाढवायची नाही आणि दुसऱ्याला वाटायचीही नाही." मला बाकावरच्या दोघीतिघी आठवल्या. ह्यांनी तिथूनच धाकट्या दिरांना फोन लावला आणि साताऱ्यात शेजारच्या वहिनींनाही. बाकावर कुणी पुडी आणली असेल तर आधी डॉक्टरला विचारा म्हणावं.

मी बाहेर येऊन पॅसेजमध्ये उभी राहिले. समोरच्या भिंतीवर मावळतीचं ऊन आलं होतं. दरवर्षी जे वाक्य मी फळ्यावर लिहिते ते इतकं अजस्र आहे हे मला माहीत नव्हतं. इतक्या लांबून येणाऱ्या उन्हाला म्हातारीच्या कातडीत आल्यावर कुठं थांबायचं ते कळतं, आणि बोटभर पुडीला कळत नाही. आत्या सहा देवांच्या वारी ती घेत होत्या, आणि राहिला होता फक्त रविवार. सूर्याचा वार.

कॅल्शियम उतरायला दिवस लागले. सलाईन, इंजेक्शनं, गोळ्या, रोज रक्त. आत्या कधी थोड्या जाग्या व्हायच्या, कधी परत झापडीत जायच्या. बाई म्हणायच्या, धीर धरा, पण डोकं पहिल्यासारखं होईल का या प्रश्नाला त्या सरळ उत्तर देत नव्हत्या. मी आत्यांना रोज चमच्यानं खिचडी भरवायची आणि त्या मुकाट गिळायच्या. एके दिवशी दुपारी पहिला चमचा तोंडात गेला आणि त्यांचं कपाळ आक्रसलं. त्यांनी जीभ टाळूला लावून पाहिली. मग माझ्याकडे बघून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "हिच्यात मीठ कुठं हाय?"

मला रडू फुटलं. इतकं की शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी घाबरून नर्सला हाक मारली. ह्यांना वाटलं काही वाईट झालं, ते धावत आले. आत्या त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "ही का रडतीया? अळणी म्हणलं म्हणून?" मग त्यांना नावानं हाक मारून म्हणाल्या, "जेवलास का रं?" हे खाटेच्या कडेवर बसले आणि त्यांनी आईचा पाय धरून ठेवला.

घरी सोडायच्या आधी डॉक्टरीणबाईंनी आत्यांना समोर बसवून सगळे वार विचारले. आत्यांनी बोटांवर मोजत सांगितले. सोमवार मालकांसाठी धरलेला, ते पलटणीत होते तेव्हापासून. मंगळवार लेकरं जगावीत म्हणून. बेस्तरवार धाकट्याच्या दुकानासाठी. शनिवार थोरल्याची साडेसाती. शुक्रवार स्वतःच्या तब्येतीचा. "आणि बुधवार?" बाईंनी विचारलं. आत्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "हाय एक."

बाईंनी बजावलं, पुडी बंद, कॅल्शियमची गोळी बंद, दूध मी सांगेपर्यंत नाही, पाणी भरपूर, आणि बोलवीन तेव्हा रक्त तपासायला यायचं. आणि उपाशी राहायचं नाही. इथं आत्या अडल्या. "आवं डाक्टरीणबाई, वार असा मधीच सोडता येत न्हाई. उद्यापन कराय लागतं."

"मग उद्यापन करा."

"सगळ्यांचं करीन. बुधवारचं न्हाई करणार."

बाई हसल्या. त्यांनाही घरी सासू असणार. "मग बुधवारी अन्न सोडू नका. दुसरं काहीतरी सोडा. जे फार आवडतं ते."

साताऱ्याला आल्यावर ब्राह्मण बोलावून, सवाष्णी जेवू घालून पाच वारांची उद्यापनं झाली. आत्या जेवायला लागल्या, हळूहळू चालायला लागल्या. पुढच्या रक्तात कॅल्शियम खाली आलं होतं, मूत्रपिंडंही सावरत होती. मी माझं जुनं आयुष्य परत मिळाल्यासारखी वागत होते. भाकरी कच्ची, कांदा जाड, सगळं परत आलं होतं आणि मीही शब्दाला शब्द द्यायला लागले होते. मनातली धास्ती मात्र पुरती गेली नव्हती. चरबीत बसलेलं ते अजून झिरपत असेल, कधी परत उसळी मारेल, असं वाटत राहायचं.

आणि एका रात्री जेवताना माझ्या तोंडात घास फिरला. आमटी खारट जाळ झाली होती, बहुधा मी मीठ दोनदा घातलं होतं. ह्यांनी पाण्याचा पेला उचलला. मी आत्यांकडे पाहिलं. त्या भाकरी कुस्करून आमटीत कालवत होत्या. खाल्ली. पाणी प्यायल्या. परत कालवली. एक शब्द नाही.

पुन्हा तेच. मला उद्याची मिरज दिसायला लागली. मी पाट सरकवून त्यांच्याजवळ गेले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "आत्या, आज वार कोणता?"

त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. नजर स्वच्छ होती, जरा वैतागलेली. "बुधवार हाय. म्हणून तर गप हाय."

मला काही उमगेना. त्या म्हणाल्या, "जे लय आवडतं ते सोडा म्हणली न्हवं का डाक्टरीण? मग म्या बुधवारपुरतं तुला बोलायचं सोडलं."

हे मोठ्यानं हसले. मला हसू येईना. मी विचारलं, "पण बुधवार कुणाचा, आत्या? देव कुठला?"

"देवाचं काय, कुठलाबी ऐकतोय," त्या म्हणाल्या. मग माझ्या मानेला, जिथं ती गाठ होती तिथं, खरकट्या हाताची मागची बाजू लावली. "तुला सुई घातली तवा धरला. दुसरा वार शिल्लक कुठं हुता?"

त्या परत जेवायला लागल्या. सगळी आमटी संपवली त्यांनी, मी कितीही म्हटलं तरी ताटात ठेवली नाही. पाणी दोन तांबे प्यायल्या. मला त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं, पण आमच्यात तसली पद्धत नाही. मी नुसतीच त्यांच्याजवळ बसून राहिले.

सकाळी मी चहाचा कप त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो आधी खाली ठेवला आणि पदर सावरून बसल्या. "काल आमटी खारट हुती," त्या म्हणाल्या. "भाकरी काठाला कच्ची. दूधवाला दोनदा बेल वाजवून गेला तवा तू फोनवर हुतीस. आन् दोरीवरची चादर उलटी वाळत घातलीयास."

एकही गोष्ट विसरल्या नव्हत्या.